स्लॅबच्या कडेची फळी

ठाकूरद्वारच्या वाडीत नवी इमारत उभी राहताच गुरुदत्तांनी रे रोडच्या वखारीतून अस्सल सागवान आणून पोटमाळा करविला. शेजारच्या यतीनने मात्र स्लॅब भरताना लावलेल्या जुन्या फळ्याच तासून आपला पोटमाळा उभारला. आणि वाडीतला जो तो पाहायला जाई, तो यतीनचाच!

मत्सराने पोळलेले गुरुदत्त अखेर खोड काढण्यासाठीच तेथे गेले.

"अरे, टाकाऊ लाकडाचे एवढे काय कौतुक?"

"काका, ही कडेची फळी बघा ना! स्लॅबच्या पूजेला तुम्ही शेंदराने काढलेलं स्वस्तिक. सुताराला म्हटलं, इथे रंधा लावायचा नाही. सगळे त्यालाच नमस्कार करायला येतात."



ते रेखताना गुरुदत्तांनी देवाजवळ भरभराट मागितली होती, ती केवळ स्वतःच्या घराची.