पहिलं अंगडं

शिवम्मानं काठीनं खड्ड्यातला पांढरा झगा उचलला, तेवढ्यात मागून आवाज आला, "हात लावू नकोस. टाक आत."

आवाज नर्स गोदावरीबाईंचा. मागे मात्र उभी होती लाल आलवणातली, नुकतीच न्हालेली एक बारकीशी बाई. हातात घासलेटचा डबा. शिवम्मा बघतच राहिली.

प्लेगच्या भीतीनं सोलापूरबाहेरच्या माळावर झोपड्या घालून राहिलेल्या माणसांना बाईंचे डोळे तेवढे ठाऊक. प्लेगच्या रोग्यांच्या छपरात त्या दिवसभर झग्यात असत, तोंडावर फडकं, डोक्याला टोपडं. या खेपेचा प्लेग छातीत उतरत होता, म्हणून ते सगळं रोज संध्याकाळी या खड्ड्यात टाकून जाळायचं. गिरणीचं एवढं चांगलं कापड जळताना बघून कुणाही सोलापूरकराचा जीव तुटावा, पण बाईंना त्याची दया नाही.

"झगा कशाला हवा तुला?"

"लेकीला पोरगा झालाय. पयलं अंगडं जुन्या कापडाचं करत्यात की, आयुष्यवाल्या माणसाच्या. तुमी रोज त्या तापात हात घालता आन् तुमाला काय हुत न्हाय. तुमचं कापड पोराच्या अंगाला लागलं तर..."

लेकीचं थोरलं पोर याच छपरात, गोदावरीबाईंच्या मांडीवर गेलं होतं.

"मला काही होत नाही, कारण जे व्हायचं ते त्या कापडावर बसतं," बाई म्हणाल्या. "ते पोराला घातलंस तर प्लेगच घातलास."

झगा खड्ड्यात पडला. "काठीपण," बाई म्हणाल्या. शिवम्मानं काठी टाकली. बाईंनी घासलेट ओतून काडी ओढली, तसा भडका उठला आणि त्यांच्या डोक्यावरचा पदर घसरला. केशवपन केलेलं डोकं. त्यांनी घाईनं पदर सावरला आणि त्या चार पावलं मागं सरल्या.

"जा आता. घरात बाळंतीण आहे तुझ्या. माझं तोंड बघू नये."

शिवम्मा हलली नाही. जिला बारशाला कुणी बोलवायचं नाही, तिनं आपल्या लेकीचं तापानं फणफणलेलं पोर शेवटपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. एवढं मोठं माणूस आपण याआधी पाहिलेलं नाही, असं तिला वाटलं.

"हे नेसलेलं तर सोच्छ हाय की," ती म्हणाली. "त्याचाच तुकडा द्या."

"विधवेचं कापड? बाळाला?"

"तुमचं."

गोदावरीबाईंनी डबा खाली ठेवला. मग त्यांनी आलवणाचा कोपरा दातात धरला आणि टरकन फाडला.

"आधी चांगलं उकळून घे," त्या म्हणाल्या.

"व्हय," म्हणत शिवम्मानं दोन्ही हातांनी पदर पसरला.