पहिली अर्चना कुणाच्या नावाने?

आकाश, वारा आणि ईश्वर यांच्यावर कुणाची मालकी चालत नाही. तिरुवेळंगुडीच्या ईश्वरावर मात्र कोर्टाचे दोन हुकूम होते, आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता ते दोन्ही गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी हजर होते.

पहिला हुकूम वैद्यलिंगम मुदलियारांच्या हातात होता. देऊळ त्यांच्या पणजोबांनी बांधलं. निदान मुदलियारांचं तसं म्हणणं होतं. उत्सवाचा पहिला मान ‘परंपरेनुसार’ द्यावा, असं त्यात लिहिलं होतं. दुसरा हुकूम कयल्विळीच्या फायलीत होता. ती सरकारच्या देवस्थान खात्याची इथली अधिकारी. तिच्या हुकुमात पहिला मान ‘नियमानुसार’ द्यावा, असं होतं. परंपरा कोणती आणि नियम कोणता, हे दोन्ही हुकुमांनी स्थानिक पातळीवर सोपवलं होतं.

स्थानिक पातळी म्हणजे देवळाचे पुजारी, कल्याणसुंदर गुरुक्कळ. वय अठ्ठावन्न, गाभाऱ्यात उभे, हातात बेलाचं तबक. पहिली अर्चना, म्हणजे नाव आणि जन्मनक्षत्र उच्चारून केलेली पूजा, ज्याच्या नावाने होईल, त्याच्या डोक्याला ते मानाची रेशमी पट्टी बांधणार आणि मगच ध्वज चढणार. साडेदहाला राहुकाळ लागत होता. तोवर ध्वज चढला नाही, तर उत्सव पुढच्या वर्षी.

गुरुक्कळांचा पगार कयल्विळीच्या सहीने निघत असे. राहतं घर मुदलियारांच्या मालकीचं होतं. आदल्या दिवशी दोघांनीही त्यांची विचारपूस केली होती. “सामी, पावसात घर गळत नाही ना?” असं मुदलियारांनी विचारलं. “सामी, नोकरीची दोनच वर्षं राहिली ना?” असं कयल्विळीने. दोघांचाही स्वर प्रेमळ होता.

“अम्मा, जरा बाजूला व्हा,” मुदलियार म्हणाले. “आमचं घराणं हा देव सांभाळत होतं, तेव्हा तुमचं खातं जन्माला यायचं होतं.”

“सांभाळत होतं म्हणजे कसं, अय्या? गोपुरावर पिंपळ उगवला होता. तो आम्ही काढला.”

“अकरा वर्षांनी! तोवर लोक त्या पिंपळालाच प्रदक्षिणा घालायला लागले होते.”

“तुमच्या घराण्याला देव म्हणजे भाडेकरू वाटतो.”

“आणि तुमच्या खात्याला फाईल. भाडेकरूला मी वर्षातून एकदा तरी भेटतो. फाईल कोण उघडतं?”

मंडपात हशा पिकला. नादस्वरवाला मघापासून वाद्य तोंडाशी धरून उभा होता. त्याने ते खाली घेतलं.

“ठरलं की सांगा,” तो म्हणाला. “ओठ वाळले.”

दहा वाजून दहा मिनिटांनी गुरुक्कळांनी घंटा वाजवली.

“नाव?” त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं. “नक्षत्र?”

“वैद्यलिंगम, हस्त!”

“कयल्विळी, रेवती!”

दोघं एकदमच बोलले. मग गुरुक्कळ जे बोलले ते ध्वजस्तंभापर्यंत ऐकू गेलं. एरवी त्यांचे मंत्र पहिल्या रांगेलाही ऐकू येत नसत.

“सामीच्या नावाने!”

ज्याला स्वतःसाठी काही मागायचं नसतं, तो असंच सांगतो. अर्चना देवाची, तीही देवाच्याच नावाने. मंडप ‘हर हर महादेवा’ने दणाणला. देवाविरुद्ध स्थगिती मागायची कुणाकडे, हे मुदलियारांना चटकन सुचेना.

“ठीक आहे,” कयल्विळी म्हणाली. “पण तिकीट लागेल. बिनतिकिटाची अर्चना होत नाही.”

“देवानं तिकीट काढायचं? स्वतःच्या देवळात?”

“देवळात सगळे सारखे, अय्या.”

“मग पैसे मी भरतो. कायद्याने देव अज्ञान बालक आहे. त्याचा पालक मी.”

“पालक आमचं खातं. कलम काढून दाखवू?”

“पालक राहुकाळात ठरवा,” गुरुक्कळ म्हणाले. “वेळ भरपूर असतो तेव्हा.” आणि कमरेच्या गाठीतून त्यांनी पाच रुपये काढले.

तिकीटवाला तंगवेलू खिडकी बंद करून यंत्रासकट भांडण बघायला आला होता. “नाव, सामी,” तो बटणं दाबत पुटपुटला. “नक्षत्र टाकल्याशिवाय यंत्र पुढं जात नाही, सामी.”

“आर्द्रा.”

शंकराचं नक्षत्र आर्द्रा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुणी हरकत घेतली नाही.

अर्चना झाली. मानाची पट्टी पिंडीला बांधली गेली. दहा अठ्ठावीसला ध्वज चढला आणि नादस्वरवाल्याने वाळलेल्या ओठांचा सगळा सूड त्या वाद्यावर उगवला.

संध्याकाळी मुदलियारांनी वकिलाला कळवलं, की सरकारला मान मिळू दिला नाही. कयल्विळीने वरच्या कार्यालयाला कळवलं, की घराण्याची मक्तेदारी मोडली आणि वर तिकीटही फाडलं. दोघांनी गुरुक्कळांना वेगवेगळं बोलावून त्यांच्या प्रसंगावधानाचं कौतुक केलं. घर राहिलं, नोकरी राहिली. पिंडीवरून उतरलेली पट्टी रिवाजाप्रमाणे पुजाऱ्याकडे आली.

देवस्थानच्या दप्तरात त्या वर्षीच्या पहिल्या अर्चनेची नोंद एका ओळीची आहे. नाव सामी, नक्षत्र आर्द्रा. तिरुवेळंगुडीत देवाला सामी म्हणतात. पुजाऱ्यालाही सामीच म्हणतात.

गुरुक्कळांचा जन्म आर्द्रा नक्षत्रावरचा आहे.