पिसांची दुलई

लहानूने बर्फखान्याचं जाड दार ओढून लावलं आणि धोंडीरामने लगेच घड्याळात पाहिलं. आत, बर्फाच्या लाद्यांच्या मधोमध, गोणपाटावर त्याची पोर पिसांची दुलई पांघरून आडवी झाली होती. बाहेर एप्रिलचं ऊन नाशिक रोडची सडक भाजून काढत होतं.

"एक तास," धोंडीराम म्हणाला. "त्याच्या आत तिनं दार वाजवलं, तर हिमालय कॅन्सल."

"आन् नाय वाजवलं तर?" लहानूने विचारलं. तो धोंडीरामचा मेहुणा, याच बर्फाच्या कारखान्यात कामाला होता.

"वाजवील."

ही अट धोंडीरामनेच घातली होती. सरळ 'जाऊ नको' म्हणायची सोय तो स्वतःच घालवून बसला होता. गौतमी शाळेत मास्तरीण झाली तेव्हा एकलहऱ्याच्या अख्ख्या कॉलनीत पेढे वाटत, 'माझी पोरगी कुणाच्या बापाला भीत नाय' असं यानेच छाती फुगवून सांगितलं होतं. आता तीच पोरगी पाठीवर बिऱ्हाड घेऊन बर्फाच्या डोंगरात, तंबूत झोपायला निघाली, तर कोणत्या तोंडाने अडवायचं? म्हणून त्याने पांघरुणाचं निमित्त धरलं. पांघरूण धड नाही, तर जाणं नाही.

मग हे पांघरूण-पुराण महिनाभर चाललं. कापसाची रजई उबदार, पण ती एकटीच सॅक भरून टाकायची आणि खांदे उतरवायची. घरातलं ब्लँकेट हलकं, पण उजेडात धरलं तर पलीकडचा माणूस दिसावा इतकं विरलेलं. मुंबईच्या दुकानातली नवी पिसांची दुलई हातावर घेतली तर घेतल्यासारखीच वाटेना, पण किंमत ऐकून गौतमीने ती गुपचूप घडी करून परत ठेवली. शेवटी देवळालीत जुन्या सामानाच्या दुकानात ही मिळाली. कुण्या साहेबाची वापरलेली, दोन ठिकाणी उसवलेली, आणि तिच्या पगाराला झेपणारी. तिच्या आईने, सुमनबाईने, जुन्या पोलक्याचे हिरवे तुकडे लावून भोकं बुजवली. तरी चार दिवस घरात पिसं उडत होती. एक धोंडीरामच्या आमटीतही निघालं.

"ही?" तो वैतागला होता. "फुंकर मारली तर उडून जाईल. ही काय ऊब देणार?"

"बदक दिवसभर पाण्यात बसतं," सुमनबाई म्हणाली होती, "त्याला कधी पडसं झालेलं पाहिलंय का?"

यावर धोंडीरामला बर्फाचा कारखाना सुचला.

आता तो स्टुलावर बसला. उठला. माठातलं पाणी प्यायला. घामाने सदरा अंगाला चिकटला म्हणून काढून खुंटीला टांगला आणि बनियनवर येरझाऱ्या घालू लागला. दाराशी जाऊन कान लावला.

"वाजलं का रे?"

"नाय वाजलं, दाजी. बसा की जरा."

"तुला ऐकू येतं ना नीट?"

"लग्नातला बँड वाजवत होतो मी. मला सगळं ऐकू येतं."

अर्धा तास गेला. दार गप्प. धोंडीरामला तिने दार वाजवायला हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. तिने कुडकुडत बाहेर यावं, याने तिच्या पाठीवर हात चोळावा, वर गरम चहा पाजावा, आणि विषय संपावा. पण दार काही वाजेना, आणि मग एकाएकी त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती वाजवणार नाही. गारठून काळीनिळी पडेल, पण वाजवणार नाही. लहानपणी हात मोडला तेव्हा संध्याकाळपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं या पोरीने. हे आधी कसं आठवलं नाही आपल्याला?

"उघड," तो ओरडला. "लहानू, दार उघड!"

"तास कुठं झालाय अजून?"

"उघड म्हणतो ना!"

लहानूने दार उघडलं. पांढऱ्या वाफेचा लोट अंगावर आला आणि त्यातून धोंडीराम तसाच बनियनवर आत घुसला. गारठ्याने त्याचा श्वास अडकला. पिवळ्या दिव्याखाली गौतमी हलत नव्हती. तो गुडघ्यावर बसला, तिच्या तोंडाशी हात नेला.

ती घोरत होती. बारीक, संथ, शाळेला सुट्टी लागल्यासारखी. वेणीत दोन पिसं अडकली होती आणि दोन्ही पावलं दुलईबाहेर आली होती.

लहानपणापासूनची खोड. रात्रपाळी करून घरी आलं की धोंडीराम पायातले बूट काढायच्या आधी तिची पावलं झाकायचा. आताही त्याचा हात आपसूक गेला. दुलईचं टोक धरून त्याने पावलांवर ओढलं.

गौतमीने डोळे न उघडताच ते लाथेने उडवलं.

"नको ना, बाबा," ती झोपेतच पुटपुटली. "उकडतंय."

दारातून लहानू हाका मारत होता. "काय झालं, दाजी? गारठली का पोरगी?"

धोंडीरामचे दात एकमेकांवर वाजत होते. त्याने दोन्ही हात काखेत घातले आणि लेकीच्या उघड्या पावलांशी, बर्फाच्या लादीला टेकून बसला.

"नाय," तो म्हणाला. "दार लाव तू. तास व्हायचाय अजून."