टायरला नख

"तू गाडीतच बस," मी आईला म्हणालो, पण ती आधीच टायरच्या दुकानात शिरली होती. सेकंडहँड का होईना, दोन दारांची लाल स्पोर्ट्स गाडी घेतली होती मी, आणि सोबत मंडईत भाजी विकून थेट आलेली आई. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू?

मालकानं चार टायर पुढे मांडले, काळेभोर, चकचकीत. "इंपोर्टेड आहेत साहेब. तीनशेचा स्पीड झेलतात. खास तुम्हाला तीस टक्के कमी." गाडीतलं सगळं कळत असल्यासारखी मी मान हलवली.

आईनं टायरला नख लावलं, दुधीला लावते तसं. नख रुतलं नाही. मग बोट फिरवलं, ते काळं झालं. "न मागता भाव पाडतोस, म्हणजे माल शिळा आहे तुझा."

"मावशी, टायर म्हणजे भाजी वाटली काय?" मालक हसला.

मी खाली वाकलो. टायरच्या कडेवर तो बनल्याचा आठवडा आणि साल छापलेलं असतं, हे मला ठाऊक होतं. बघायचं सुचलं नव्हतं. टायर सात वर्षांचे निघाले.

"वरून पॉलिश मारलंय," आई बोट पदराला पुसत म्हणाली. "सुकलेल्या मेथीवर मीपण पाणी मारते. पण माझ्या मेथीनं कुणी हायवेवर मरत नाही."

मालक गुपचूप आतून नवे टायर घेऊन आला आणि माझ्या कानाशी लागला. "साहेब, पुढच्या वेळी एकटेच या."

"एकटा आलो तर मरेन," मी आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो.