मागे किती?

नोएमीला सतरावं लागलं आणि तिनं स्वतःच्या बर्फगाडीचा हट्ट धरला. दुकानात रोझेरआजोबांनी सगळ्यांत हलकी, सगळ्यांत संथ गाडी निवडली. "आबा, हिच्यापेक्षा आपली गाय जोरात पळते!" "पळू दे, पोरी. गाय संध्याकाळी घरी येते." नोएमीनं त्याच गाडीची किल्ली उचलली. तीन हिवाळ्यांपूर्वी तळ्यावरून भरधाव निघालेल्या तिच्या बापाला कोवळ्या बर्फानं गाडीसकट पोटात घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी दोघं रानवाटेनं निघाली, आजोबा पुढे, नात मागे. या वाटेची रीतच आहे: समोरून कोणी आलं की आपल्यामागे किती गाड्या आहेत, ते बोटांनी दाखवायचं, कोणीच नसेल तर मूठ. मुलगा गेल्यापासून आजोबा मूठच दाखवत आलेले. वळणावर गाडी सामोरी आली. सवयीनं मूठ वर गेली. मग त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि त्या मुठीतलं एक बोट हळूच उघडलं.