कमरेत वाकलेला नायक

रुग्णालयातली पाळी संपवून ती नर्सबाई घरी आली, की कोरियन गाणी गुणगुणत पाय शेकायची आणि मग जपानी मालिकेपुढे बसायची. तेवढा तास तिचा स्वतःचा. कॉलेजात नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या तिच्या नवऱ्याला मात्र तो बघवत नसे. त्या दिवशी तर त्याचा मित्र आला होता, मग काय, त्याला चेवच चढला.

“बघ आमच्या बाईसाहेब! सकाळी कोरियन पोरांवर फिदा, संध्याकाळी जपान्यांसाठी रडायला मोकळ्या. ही काय पुरुषांची तोंडं आहेत? नुसते पावडरचे डबे!”

मित्र खो खो हसला. तिने मान वळवली नाही. पडद्यावरचा नायक कमरेत वाकून उभा होता.

“काय झालं तुझ्या हिरोला? पाठ धरली का?” नवऱ्याने विचारलं.

“माफी मागतोय.”

“कुणाची?”

“बायकोची. चारचौघांत तिची टिंगल केली होती त्याने.”

“एवढ्यासाठी?”

“हो ना,” ती म्हणाली. “खाली भाषांतर येतं म्हणून बरं. नवऱ्याच्या तोंडचे असे शब्द मला एरवी कुठले ओळखू यायला!”