करपलेलं टोक

आबांची बायको गेल्यानंतरची ही पहिलीच राष्ट्रीय दिनाची सुट्टी. दरवर्षी त्या दिवसासाठी चांदणीच्या आकाराच्या कुकीज तीच करायची. यंदा सूनबाईनं सकाळपासून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, आणि आबांच्या मनात पाल चुकचुकली. बायकोचा जुना ओव्हन हिनं महिन्यापूर्वीच भंगारात काढला होता. आता आणखी काय काढतेय कोण जाणे!

ते दाराला कान लावून उभे राहिले.

"अगं, झकास झाल्यात की!" आतून मुलगा म्हणाला.

"झकास कसल्या डोंबलाच्या! ह्या शेजारी देऊन टाक. आणि आबांना काही कळू देऊ नकोस."

थोड्या वेळानं करपल्याचा वास आला. आबांचं डोकंच फिरलं. म्हणजे चांगल्या कुकीज शेजाऱ्यांना, आणि जळक्या घरच्या म्हाताऱ्याला! त्यांनी धाडकन दार ढकललं.

"काय लपवतेस गं? दाखव तो हातातला डबा."

सूनबाईनं डबा पुढे केला. आतल्या प्रत्येक चांदणीचं एकच टोक काळं होतं. बायकोचा ओव्हन एका बाजूनं जास्त तापायचा, तेव्हा अशीच टोकं करपायची. आबा त्यावरून तिला दरवर्षी चिडवायचे, आणि नेमकं तेच टोक आधी खायचे.


"नव्या ओव्हनमध्ये टोक करपेचना, आबा," सूनबाई म्हणाली, "शेवटी एकेक चिमट्यात धरून गॅसवर भाजली."